सजावट बदला, पण टाकी धुऊ नका

नवरात्राच्या आधी यवतमाळात घरोघरी झाडझूड सुरू होते. दुर्गोत्सव पाहायला गावोगावचे पाहुणे येतात. त्यांच्यासाठी बैठकीतली माशांची टाकीही सजते. निळे खडे जाऊन पांढरे येतात, झाडांच्या जागा बदलतात, नवा एलईडी लागतो. घटस्थापना होऊन तीन-चार दिवस झाले की तक्रार ठरलेली: "पूरी टाकी धुतली भाऊ, पाणी चकाचक केलं, तरी मासे मेले." मग घरातलं कोणी वडीलधारं समजूत घालतं, की घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं.

माशाने कोणाचंही संकट घेतलेलं नसतं. टाकी धुण्यानेच तो मेलेला असतो, आणि हे वर्षानुवर्षं सांगूनही लोक दर सणाला पुन्हा तेच करतात याचा खरोखर संताप येतो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी आहे. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि झाडं ते खाऊन वाढतात. हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे नसतातच. ते खड्यांवर, झाडांच्या पानांवर, मातीच्या किल्ल्यावर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये थर करून राहतात. बोटाला लागणारा तो बुळबुळीतपणा म्हणजे माशांचा जीव वाचवणारी यंत्रणा आहे. सजावट बदलताना आपण खडे घासतो, किल्ला साबणाने धुतो, स्पंज नळाखाली पिळतो. एका दुपारी ती सगळी यंत्रणा मोरीतून वाहून जाते. मासे मात्र तेवढेच असतात आणि पाहुण्यांच्या कौतुकापायी त्यांना खाद्यही जास्त पडतं. अमोनिया चढायला दोन-तीन दिवस पुरतात. थर पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

ही कोणा हौशी माणसाची कल्पना नव्हे. असे जिवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. घरगुती टाक्यांत नायट्राइटवर काम करणारे मुख्य जिवाणू नायट्रोस्पायरा असल्याचं होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी टाक्यांचे फिल्टर तपासले, तेव्हा गोड्या पाण्यात अमोनियाचं बरंचसं काम आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव करताना दिसले. कोण किती काम करतं यावर अभ्यास चालू आहे, पण ते पृष्ठभागाला धरून राहतात याबद्दल वाद नाही.

आपल्या जिल्ह्यात ही चूक अधिक महागात पडते. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी किती भाग खऱ्या अर्थाने विषारी रूपात असेल, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. पाणी ३० अंशांवर गेलं की तोच आकडा साडेसातच्या आसपास पोचतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, भर दुपारी टाकी उपसायला बसू नये. छतावरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी तर थेट ओतूच नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. जंतू मारण्यासाठीच ती असते, त्यामुळे ती उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही. आणि पाणी आपल्याकडे उधळण्याइतकं कधी होतं? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळ शहर टँकरच्या रांगेत उभं होतं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. ते सगळं फेकायचं कारण एकही नाही.

मग सजावट बदलायची कशी? अर्धी अर्धी. मासे टाकीतच राहू द्या, लाइट बंद करा. नळीने तळाचा गाळ ओढत एक तृतीयांश पाणी बादलीत काढा आणि स्पंज त्याच बादलीत हलका पिळा. आज डावी बाजू बदला, उजवी दोन-तीन आठवड्यांनी. खडे पूर्ण बदलायचे असतील तर जुने थोडे जाळीच्या पिशवीत घालून महिनाभर टाकीतच ठेवा. नवं पाणी अँटी-क्लोरीन घालून, टाकीइतक्याच तापमानाचं झाल्यावर सोडा. दोन दिवस खाद्य निम्मं करा.

वास्तुशास्त्र म्हणतं म्हणून टाकी ईशान्येला सरकवायची असेल तर तीही भरलेली ओढू नका. पाण्याचंच वजन ५६ किलो असतं, आणि तळाची काच किंवा जोड तडकतो.

बाकीचे समज थोडक्यात. कुठलाही दगड चालतो, हे खरं नाही. दारव्हा-दिग्रसकडचा काळा पाषाण निर्धोक आहे, पण वणी-मुकुटबनकडची चुनखडी पाणी आणखी जड करते. दगडावर लिंबू पिळा, फेस आला तर तो बाहेर ठेवा. शंख-शिंपल्यांचंही तसंच. जारचं आरओ पाणी माशांना उत्तम, हेही चूक. त्यात फारसे क्षार नसल्याने पीएच टिकत नाही, आणि गप्पी-मॉलींना तर आपलं जड पाणीच मानवतं. लाइट चोवीस तास लावला की झाडं नव्हे, शेवाळ वाढतं. सहा ते आठ तास पुरे. रात्री झाडं माशांचा श्वास कोंडतात म्हणून ती काढून टाकणारेही भेटतात. झाडं रात्री प्राणवायू घेतात खरी, पण टाकी गच्च भरलेली नसेल तर साधा बबलर तो भरून काढतो. जावा फर्न आणि अ‍ॅनुबियासचा आडवा कंद मात्र खड्यांत पुरू नका, तो कुजतो. दगडाला दोऱ्याने बांधा. क्रिप्टोकोरिनची जागा बदलली की पानं विरघळून जातात. ती मेली समजून उपटू नका, मुळांतून नवी पानं फुटतात.

माशांना जागा बदललेली कळत नाही, हेही ऐकतो. चांगलं कळतं. सिक्लिड जातीचे मासे दगडांवरून आपली हद्द आखतात. म्हणूनच नवा मासा सोडण्याआधी दगड हलवले की जुन्यांचा दरारा मोडतो आणि मारामारी कमी होते.

राहिला सकर, ज्याला लोक 'क्लिनर' म्हणून आणतात. तो काचेवरचं थोडं शेवाळ खातो, पण घाण साफ करत नाही, उलट स्वतः भरपूर विष्ठा टाकतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा फूटभर होतो. मग टाकीत मावत नाही म्हणून लोक तो तलावात सोडून येतात. तो काठात बिळं करतो आणि हटत नाही. आपल्या बेंबळा किंवा अरुणावती धरणात तो कोणीही सोडू नये. आणला असेल तर दुकानदाराला परत द्या.