इगपे ॲटिनले

पोरांनो, आज वाघ-सिंह नाहीत की ग्रह-तारे नाहीत. आज कानाची करामत ऐका.

अमेरिकेतली मुलं धाकट्या भावंडाला चकवायला काय करतात? ‘डॉग’ला म्हणतात ‘ऑगडे’ आणि ‘पिग’ला ‘इगपे’. शब्दाच्या तोंडचं व्यंजन उचलायचं, शेपटीला लावायचं आणि वर एक ‘ए’ चिकटवायचा. या बोलीला म्हणतात पिग लॅटिन. तुमच्या ‘च’च्या भाषेची ही चुलतबहीणच म्हणा, तुम्ही नाही का ‘मला’चं ‘चलाम’ करत!

आता ‘स्ट्रीट’ आला तर? नुसता ‘स’ उचलला तर ‘ट्रीटसे’ होईल. पण पोरं म्हणतात ‘ईटस्ट्रे’. स, ट, र हा अख्खा गठ्ठा एकदम उचलतात आणि कापतात ते नेमकं स्वरापाशी. भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी शब्दाची फोड करतात तीही इथंच: स्वराआधीची व्यंजनं एकीकडे, स्वरापासून पुढचं सगळं दुसरीकडे. कॅट-हॅट-मॅटची यमकंही याच सांध्यावर जुळतात. हा सांधा पोरांना कुणी दाखवला? कुणीच नाही!

बरं, स्पेलिंगचीही भीड नाही. ‘नाइफ’ लिहिताना पहिला ‘के’ असतो, पण कानाला तो लागतच नाही. म्हणून बोलताना होतं ‘आइफने’. ‘के’ बसला तिथंच.

खरी मजा पुढे आहे. ‘ट्विन’चं होतं ‘इनट्वे’, म्हणजे ट आणि व दोघंही जोडीनं निघाले. ‘क्यूट’पाशी मात्र फाटाफूट. कुणी म्हणतं ‘ऊटक्ये’, कुणी ‘यूटके’. मधला ‘य’ हा ‘क’च्या घरचा की ‘ऊ’च्या, यावर पंडितही भांडतात आणि पुरावा म्हणून हा पोरखेळच पुढे करतात!

ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या नवरा-बायकोनं सुमारे 70 शाळांतल्या 5,000 मुलांकडून असली बोलणी, गाणी, चिडवणी गोळा केली आणि 1959 साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. पोरांच्या बडबडीला इतक्या मानानं वागवणारी माणसं मला फार आवडतात.

पण गुपित टिकतं थोडंच? ‘गोल्ड डिगर्स ऑफ 1933’ या सिनेमात जिंजर रॉजर्सनं गाण्याचा एक तुकडा चक्क पिग लॅटिनमध्ये म्हटला. झालं, कळलं सगळ्यांना! दुसरी एक बोली, अबी डबी. तिच्यात प्रत्येक स्वराआधी ‘अब’ घुसवायचा, ‘हेलो’चं ‘हबेलबो’. बॉस्टनहून 1972 साली सुरू झालेल्या ‘झूम’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमानं तीही घरोघर नेली. मोठ्यांना जरा कळायला लागावं, तेवढ्यात ‘अब’च्या जागी ‘ऑप’ घालायला पोरांना कितीसा वेळ लागतो?