किल्ली फिरते आहे तोंवर

घरांतील ज्या वस्तु रोज हातांत येतात, त्यांच्याकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. दाराची कडी, नळाची तोटी, मोटारीची किल्ली यांचें दुखणें हळूहळू वाढतें, आणि माणूस त्या दुखण्याशीं जुळवून घेतो. पुढें तर त्या जुळवून घेण्यालाच तो कौशल्य समजूं लागतो. आमच्या घरीं असेंच झालें.

आमच्या एकत्र कुटुंबांत पंचवीस वर्षांची एक मोटार आहे आणि ती चालविणारे आम्ही पांच जण आहों. किल्ली दारामागच्या खुंटीवर असावयाची. सोयीचें म्हणून त्याच कडींत फाटकाची, माळ्याची, कपाटाची आणि गांवाकडील घराच्या मोठ्या कुलपाची अशा किल्ल्या जमत जाऊन ओंजळभर जुडगा झाला होता. वर्षभर मोटारीची किल्ली अडूं लागली होती. थोरले बंधू ती किंचित् बाहेर ओढून फिरवीत. वहिनी खालीं दाबून फिरवीत. आमचे चिरंजीव दोनदां काढून पुन्हां घालीत. प्रत्येकास आपलीच युक्ति खरी वाटे. कुलूप झिजलें आहे, असें मात्र कोणी म्हणेना.

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आईच्या छातींत दुखूं लागलें. त्या वेळीं सगळ्या युक्त्या हरल्या. पाव तास किल्ली जागची हलली नाहीं. अखेर शेजाऱ्यांच्या मोटारींतून आईस रुग्णालयांत नेलें. दुखणें पित्ताचें ठरलें, ही ईश्वराची कृपा! दुसऱ्या दिवशीं सकाळीं किल्ली कांहींच घडलें नसल्यासारखी फिरली. आम्हीं म्हटलें, "आतां फिरते आहे ना? दिवाळीनंतर पाहूं." त्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फिरते आहे म्हणूनच आज पाहावयाचें. उद्यां फिरली नाहीं, तर काय पाहणार?" हें बोलणें यंत्राच्या दृष्टीनेंहि किती अचूक होतें, तें आम्हांस कारागिराकडे गेल्यावर समजलें.

मोटारीच्या किल्लीवर हा भार पूर्वीं नव्हता. १९१२ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत आला. त्यानंतरहि बराच काळ किल्लीनें वीजप्रवाह तेवढा जोडला जाई. स्टार्टरचें बटण निराळें असे. पुढें हीं दोन्हीं कामें एका किल्लीकडे आलीं, आणि १९७० च्या सुमारास बहुतेक मोटारींत स्टिअरिंग जखडून ठेवण्याचें तिसरें कामहि तिच्याच गळ्यांत पडलें.

या कुलपाच्या मध्यभागीं एक फिरता गाभा असतो. कारागीर त्यास सिलिंडर म्हणतात. त्यांत पातळ पितळी पत्र्या स्प्रिंगांवर बसविलेल्या असतात. किल्ली आंत नसतांना त्या बाहेरच्या खांचेंत अडकून राहतात. योग्य किल्ली घातली, कीं तिच्या दांत्यांप्रमाणें सर्व पत्र्या गाभ्याच्या काठाशीं समपातळींत येतात आणि गाभा फिरतो. किल्ली किंवा पत्र्या झिजल्या म्हणजे एखादी पत्री केसभर बाहेर राहते, आणि तेवढ्यानें सारें अडतें. जड जुडगा रोज लोंबत व हिंदकळत राहिल्यास ही झीज अधिकच लवकर होते.

कारागिरानें प्रथम आमच्याकडील कधींहि न वापरलेली दुसरी किल्ली मागितली. ती सहज फिरली असती, तर दोष किल्लीचा ठरून नव्या किल्लीवर काम भागलें असतें. परंतु तीहि अडली. किल्ली सुखानें फिरून एंजिन मात्र जागें होत नसेल, तर दोष बहुधा गाभ्याचा नसून त्यामागील विजेच्या स्विचाचा किंवा बॅटरीचा असतो. तेथें गाभा बदलून कांहींच साधत नाहीं.

मग त्यानें बॅटरीची ऋण तार सोडविली व स्टिअरिंगखालील आच्छादनाचे स्क्रू काढले. आमच्या मोटारींत गाभा एका लहानशा खिळीनें अडकविलेला होता. किल्ली दुसऱ्या खुणेवर, म्हणजे केवळ रेडिओ लागतो त्या जागीं, फिरवावी. खालच्या बारीक छिद्रांत सळई घालून खिळी दाबावी. कीं किल्लीसकट गाभा अलगद हातांत येतो. नवा गाभा त्याच खुणेवर ठेवून खट् आवाज होईपर्यंत आंत लोटावयाचा. सारें काम अर्ध्या तासाचें.

परंतु त्यांतील मर्म असें, कीं किल्ली त्या खुणेपर्यंत फिरली तरच खिळी मागें हटते. ती कायमची अडली, म्हणजे छिद्रें पाडून गाभा फोडून काढावा लागतो, आणि अर्ध्या तासाच्या कामास दिवस व कितीतरी अधिक पैसा लागतो. वहिनींचें म्हणणें तें हेंच!

जुडग्याचा धोका केवळ खोळंब्याचा नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें इग्निशनच्या स्विचांतील दोषापायीं सुमारें २६ लक्ष मोटारी परत बोलाविल्या. त्या स्विचाची पकड सैल होती; जुडग्याच्या ओझ्यानें किंवा धक्क्यानें चालत्या गाडींत किल्ली मागें सरके, एंजिन बंद पडे, आणि अपघाताच्या क्षणीं रक्षणाच्या हवाई पिशव्या फुगत नसत. १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशीं असल्याचें भरपाईच्या चौकशींत मान्य झालें. आमच्या मोटारीचा दोष निराळा. पण ओझें त्याच जातीचें.

वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. मोटारीची किल्ली एकटी ठेवावी. झिजल्या किल्लीवरून नवी किल्ली करवूं नये, कारण तिच्याबरोबर झीजहि उतरते; कुलपाचा अंक असल्यास त्यावरून करवावी. कुलपांत तेल घालूं नये, त्यांत धूळ चिकटते; ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. दारांस व इग्निशनला एकच किल्ली हवी असेल, तर कुशल किल्लीवाला नव्या गाभ्याच्या पत्र्या जुन्या किल्लीप्रमाणें बसवून देतो. मात्र स्टिअरिंगमध्यें हवाई पिशवी किंवा किल्लींत विजेची खूण असलेल्या मोटारींत घरगुती प्रयोग करूं नयेत. तें जाणत्याचें काम.

आतां खुंटीवर मोटारीची किल्ली एकटीच असते. बाकीचा जुडगा वहिनींनीं आपल्या कमरेस लावला आहे. परवां किल्ली किंचित् अडल्याचा भास होतांच आईनें मागच्या बसकेवरून विचारलें, "पुन्हां दिवाळीनंतर पाहणार आहांत का रे?" आम्हीं त्याच दिवशीं पाहिलें. स्टिअरिंगला ताण होता. चाक जरा हलवितांच किल्ली फिरली.