दुखण्यानंतरची शक्ती आणि पेप्टाइडांची पूड

दीर्घ दुखण्यातून माणूस उठला, की त्याच्या अंगी शक्ती लवकर यावी म्हणून घरची मंडळी धडपडू लागतात. हल्ली अशा वेळी पेप्टाइडांची पूड किंवा गोळ्या सुचविल्या जातात. त्यांनी रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे सांगतात. या सांगण्यात तथ्य किती, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहणे हिताचे होय.

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ मानली, तर पेप्टाइड म्हणजे त्याच मण्यांचा आखूड सर. शरीरातील काही पेप्टाइडे निरोप्याचे काम करतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यावाचून प्रतिकारशक्ती नीट घडत नाही, हे जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. पुढे या ग्रंथीतून थायमोसिन अल्फा-१ हे २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे काढण्यात आले. काही देशांत ते हिपॅटायटिस-बी या काविळीवर औषध म्हणून वापरतात. पण ते टोचून द्यावे लागते.

याचे कारण उघड आहे. तोंडाने घेतलेले पेप्टाइड पोटाच्या लेखी अन्नच होय. पेप्सिन, ट्रिप्सिन इत्यादी पाचक द्रव्ये त्याचे तुकडे करतात. सर तुटला, की बहुधा निरोपही पुसला जातो. मधुमेही रोग्याला इन्शुलिन टोचून घ्यावे लागते, तेही याचसाठी.

बरे, टोचून दिले म्हणजे गुण येतोच, असेही नाही. चीनमधील २२ रुग्णालयांत जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या ११०६ रोग्यांवर थायमोसिनची कसोटी घेण्यात आली. तिचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा २३.४, तर न घेणाऱ्यांपैकी शेकडा २४.१ रोगी दगावले. हा फरक निर्णायक नव्हे.

मग अशक्त माणसाने करावे काय? झिजलेले शरीर भरून काढणारे मणी दूध, अंडी, डाळ आणि मासळी यांतही आहेत. ते थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा द्यावे. पुरेशी झोप आणि हळूहळू वाढविलेले चालणे यांची जोड असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

महागड्या डब्यासाठी घरातले दूध कमी करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याहून मोठा धोका म्हणजे ताप उलटला किंवा वजन घटत राहिले, तरी डब्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबविणे. हा विलंब मात्र जिवावर बेतू शकतो.