आदल्या संध्याकाळची भेट

पूर्ण भूल द्यायची असली की मी रुग्णाला सर्वांत आधी तोंड उघडायला सांगते. त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत मावतात का, ते बघायचं. मग जीभ, मान, हलणारे दात, कवळी. ऑपरेशन पोटाचं असलं तरी माझं लक्ष घशावर असतं. स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वास थांबतो आणि नळी घशातूनच घालावी लागते.

आमच्या तालुक्यात या तपासणीत तरुण मुलं अडकतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विशी-पंचविशीतल्या पोरांचे आतून पांढरे, ताठ झालेले गाल मला सतत दिसतात. जेमतेम एक बोट आत जातं. भूल दिल्यावर हे तोंड उघडेल, असं नातेवाइकांना वाटतं. ते उघडत नाही. स्नायू सैल पडतात, पण गालाच्या आत तयार झालेले राठ पट्टे औषधाने सैल पडत नाहीत. अशा मुलाला जागं ठेवून, नाकातून लवचीक दुर्बीण घालून, तिच्यावरून नळी सरकवावी लागते. ती सोय इथे नाही. त्याला मेडिकल कॉलेजला पाठवताना मला फार वाईट वाटतं, कारण एवढ्या कोवळ्या वयात हे घडायलाच नको होतं.

दुसरा प्रश्न पोटाचा. ‘उपाशी आहात ना?’ असं मी विचारत नाही. सगळे हो म्हणतात. ‘सकाळी उठल्यावर काय घेतलंत?’ असं विचारलं की चहा बाहेर येतो. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाच्या चहाला मात्र सहा तास थांबावं लागतं, कारण बेशुद्धीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं.

सिझरला मात्र चौकशीला वेळच नसतो. रात्री फोन येतो, बॅग घेऊन पोचायचं. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई आत गेली की पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. मग जेमतेम दोन मिलिलिटर औषध. पाय गरम, जड होतात; रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. शिवाय गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून उजव्या कुशीखाली उशी सारून बाईला डावीकडे कलती करायची. मशीन रक्तदाब काही मिनिटांनी एकदा मोजतं. ‘मॅडम, मळमळतंय,’ हे ती त्याच्याही आधी सांगते. म्हणून मी तिच्या उशाशी बसून बोलत राहते.

कान मात्र ऑक्सिमीटरकडे असतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यामागचं तत्त्व मांडलं. रक्तातला प्राणवायू घटला की टकटकीचा सूर खाली उतरतो. पडद्याकडे पाठ असली तरी तो उतार मला कळतो.

एमबीबीएसनंतर तीन वर्षं भूलशास्त्र शिकून मी गावी आले. इथे आमच्यापैकी बहुतेक जण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावतात, आणि रुग्ण पहिल्यांदा दिसतो तो थेट टेबलावर. हे मला कधीच पटलं नाही. ठरलेल्या ऑपरेशनचा रुग्ण आदल्या दिवशी दाखवल्याशिवाय भूल देणार नाही, असं मी सर्जन मंडळींना सांगून टाकलं. एका ठिकाणाहून बोलावणं बंद झालं. बाकीच्या दवाखान्यांतून आता आदल्या दुपारीच फोन येतो, आणि संध्याकाळी मी वॉर्डात चक्कर मारते.