सिनॅगॉग, कोकणातील

कोकणातील बेने इस्राएल ज्यूंची सामुदायिक प्रार्थनामंदिरे. ‘सिनॅगॉग’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘एकत्र जमणे’ असा आहे. बेने इस्राएल मात्र आपल्या प्रार्थनामंदिरास पिढ्यान्‌पिढ्या ‘मशीद’ म्हणत आले आहेत. मुंबईतील त्यांचे सर्वांत जुने प्रार्थनामंदिर ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले जाते. या जमातीची जुनी वसती मुख्यत्वे बाणकोट खाडीच्या उत्तरेस, म्हणजे आजच्या रायगड (१९८१ पूर्वी कुलाबा) जिल्ह्यात होती. दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यात ती विरळ होत जाते. त्यामुळे उत्तर कोकणातच, अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पेण इ. ठिकाणी, ही प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

जमातीच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्राएल. या घटनेचा काळ निश्चित करण्याजोगा लेखी पुरावा उपलब्ध नाही. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर या आडनावांतून त्यांची मूळ गावे आजही वाचता येतात.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा समाज कित्येक शतके प्रार्थनामंदिरावाचून ज्यू राहिला. त्याच्यापाशी धर्मग्रंथ नव्हते व हिब्रू भाषेचे ज्ञानही लोपले होते. ‘शेमा इस्राएल’ ही एकेश्वराची ग्वाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराचे नियम (खवले व पर असलेलीच मासळी खाणे, मांस व दूध एकत्र न करणे) एवढा वारसा घराघरांतून जपला गेला. दाविद रहाबी नावाच्या परदेशी ज्यू गृहस्थाने या खुणांवरून त्यांना ओळखले, हिब्रू वाचन शिकविले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मकृत्यांसाठी तयार केले, असे परंपरा मानते. हेच पुढे ‘काझी’ झाले. लग्न लावणे, सुंता करणे, तंटे मिटविणे ही कामे काझी गावोगाव फिरून करीत. धर्म अशा रीतीने घरात आणि काझीच्या फेरीत नांदत होता.

ही स्थिती बदलली ती मुंबईमुळे. अठराव्या शतकात अनेक बेने इस्राएल ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल एझेकिएल दिवेकर) हे इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता असे सांगतात. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईस ‘शाआर हारहमीम’ हे जमातीचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पुढे कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी, विशेषतः शेलोमो सालेम शुराबी यांनी, प्रार्थनाविधीचे पद्धतशीर शिक्षण दिले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू शिकण्याची सोय झाली; जॉन विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ज्यांना धर्मांतराची आशा होती, त्यांच्याच शाळांनी या समाजाचे ज्यूपण पक्के केले, हा इतिहासातील एक योगायोगच म्हणावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) व पेण (१८६३) येथे प्रार्थनामंदिरे झाली. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ (पूर्वजांची ढाल) हे मंदिर इस्राएल आळीत असून त्याची सध्याची वास्तू १९१० मधील आहे.

मंदिराची अंतर्रचना साधी असते. जेरूसलेमच्या, म्हणजे पश्चिमेच्या दिशेकडील भिंतीत ‘हेखाल’ हे कपाट असते व त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या ‘सेफेर तोरा’च्या (मोझेसच्या पाच ग्रंथांच्या) गुंडाळ्या ठेवतात. मध्यभागी कठड्याने वेढलेला ‘तेबा’ हा चौथरा असून तेथून प्रार्थना चालविली जाते. समोर अखंड दिवा आणि वर काचेच्या हंड्या टांगलेल्या असतात. स्त्रियांसाठी बहुधा माडीवर सज्जा असतो. एलिया हनबीची (प्रेषित एलियाची) खुर्ची हे या मंदिरांचे खास वैशिष्ट्य. सुंतेच्या वेळी बालकास तिच्यावर क्षणभर ठेवतात.

येथे पुरोहितवर्ग नाही. प्रार्थना म्हणणारा ‘हज्जान’, जमातीचा प्रमुख ‘मुकादम’, हिशेब ठेवणारा ‘गब्बाई’ आणि देखभाल करणारा ‘शमाश’ यांच्यावर कारभार चाले. मुकादम हे पद सरळ मराठी गावगाड्यातून आलेले दिसते. तंट्यांचा निवाडा व जमातीच्या नियमांचा भंग करणाऱ्यास दंड हेही तेथेच होई. समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ इस्राएल असा भेद होता, त्यांच्यात बेटीव्यवहार नसे आणि मंदिरातील मानपानातही हा भेद जाणवे. भोवतालच्या जातिव्यवस्थेची ही छाया विसाव्या शतकात हळूहळू ओसरली.

मंदिरातील खरी गर्दी सणांची. सणांना जुनी मराठी नावे होती : वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो ‘दारफळणी’. त्या दिवशी पूर्वी लोक दार लावून घरातच राहत; दुसरा दिवस ‘शिळा सण’, म्हणजे दानधर्माचा व गाठीभेटींचा. पुरीम सणास ‘होळीचा सण’ म्हणत व त्या दिवशी पुरणपोळी होई. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपवास सोडताना वालाचे बिरडे असे. प्रार्थनामंदिरे झाल्यावर दारफळणीचा दिवस घराऐवजी मशिदीत जाऊ लागला. पांढरी वस्त्रे घालून सूर्यास्तापर्यंत सामुदायिक प्रार्थना हे त्याचे रूप झाले. सिम्हाथ तोराच्या दिवशी गुंडाळ्या घेऊन तेब्याभोवती नाचत फेऱ्या घालतात. हेखाल उघडणे, गुंडाळी उचलणे इ. मान लिलावाने दिले जात व ती रक्कम मंदिराच्या खर्चास लागे. द्राक्षाच्या मद्याऐवजी भिजवलेल्या मनुकांचे सरबत ही येथील कोकणी सोय. प्रार्थना हिब्रूत असली, तरी बोलणेचालणे व धर्मोपदेश मराठीत चाले. वल्हांडणाच्या सणाचा ‘हगादा’ पुण्यास १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह छापला गेला. १८८० च्या सुमारास ज्यू प्रेषितांच्या चरित्रांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

‘मलिदा’ हा विधी मात्र मंदिरावर अवलंबून नाही. गोड पोहे, ओले खोबरे, खजूर व फळे यांचे ताट मांडून एलिया हनबीचे स्तवन करतात. लग्न, नवसपूर्ती, गृहप्रवेश अशा प्रसंगी तो घरीच होतो. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा असून तेथेही नवस फेडण्यास लोक जातात.

सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती (‘मिन्यान’) लागते. त्यावाचून सेफेर तोराचे जाहीर वाचन होत नाही. इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. तेथे गेल्यावरही विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाविषयी धर्मपीठाने शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. भारतात १९५१ मध्ये सर्व ज्यूंची संख्या सु. २६ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ४,६५० वर आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील गावी मोजकीच कुटुंबे उरल्याने दहाची संख्या भरणे कठीण झाले आहे. जेथे दहा पुरुष नाहीत, तेथे गुंडाळी हेखालातच राहते आणि मलिदा तेवढा घरोघर होतो. सणासुदीस मुंबई-ठाण्याहून व इस्राएलमधून गावची माणसे येतात, तेव्हा मिन्यान भरते आणि हेखाल उघडले जाते.