चिक चॉकलेटचा ट्रम्पेट

मराठवाड्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव कुठे आणि मुंबईचं ताजमहाल हॉटेल कुठे! पण गोरेगावातल्या एखाद्या वरातीत बँडवाल्यांनी ‘भोली सूरत दिल के खोटे’ धरलं, की या दोन टोकांमधलं नातं कानावर पडतं. हे गाणं १९५१ च्या ‘अलबेला’तलं, संगीत सी. रामचंद्रांचं. आणि त्या संगीतामागे एका जॅझ बँडच्या म्होरक्याचा मोठा हात होता. त्याचं नाव चिक चॉकलेट.

खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यात बारदेशातल्या हळदोण्याचा. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांजवळ ही विद्या आयती होती. समोर कागद ठेवा, ते वाजवून दाखवतील.

जॅझचं मात्र कागदावर भागत नाही. अमेरिकेतला लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन १९३५ मध्ये ‘ताज’मध्ये आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानिस्ट टेडी वेदरफर्ड. मुंबईच्या वादकांना हे संगीत समोरासमोर ऐकायला मिळालं. जॅझमध्ये एका मात्रेचे दोन अर्धे भाग सारखे वाजत नाहीत. पहिला किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि त्यातून झोका तयार होतो. शिवाय मूळ चाल एकदा मांडून झाली, की वादकानं तिच्या स्वरसंगतीवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं. आपल्याकडे जिला उपज म्हणतात, तीच ही. फरक इतकाच, की इथे रागाऐवजी बदलत्या स्वरसंगतीचं भान सांभाळायचं असतं. लिहिलेलं बिनचूक वाजवणाऱ्याला हे सर्वांत अवघड जातं. त्याला उपाय एकच, ऐकणं. तबकड्या पुन्हा पुन्हा लावून एकेक वाद्य कानानं वेगळं काढायचं.

चिकचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेटचा तो ठसठशीत, उंच चढणारा स्वर त्यानं उचललाच, पण गाताना तसाच खरखरीत आवाजही लावला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्याचा बँड ‘ग्रीन्स’ हॉटेलात वाजवी. आज ताजचा मनोरा उभा आहे, तिथेच हे हॉटेल होतं. नाचणाऱ्यांना रोज जॅझ नको असे, म्हणून रम्बा, साम्बा हे लॅटिन ठेकेही हाताशी ठेवावे लागत. मला वाटतं, या बँडच्या वाजवण्यातला मोकळेपणा या रोजच्या मागणीनं घडवला.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतली कमाई आटू लागली. सिनेमाच्या स्टुडिओंना वादक हवेच होते. पुणतांब्यात जन्मलेले, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला यांची जोडी अशा काळात जमली. त्या काळी संगीतकार चाल गाऊन दाखवी. गोवेकर साहाय्यक ती लिपीत उतरवी, तिला स्वरसंगती देई आणि कुठल्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते लिहून देई. आपलं संगीत एकेरी सुरावटीचं. तिच्या अंगावर ही वस्त्रं चढवणं हे स्वतंत्र प्रतिभेचं काम होतं, निव्वळ लेखनिकाचं नव्हे.

‘अलबेला’तल्याच ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, क्लॅरिनेट, ओबो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आहेत. या सिनेमात चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. एवढं भाग्य थोड्यांच्याच वाट्याला आलं. बहुतेक वादकांची नावं ना पडद्यावर आली, ना तबकडीवर, आणि ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते. चिक १९६७ मध्ये गेला. या वादकांची कहाणी नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात सविस्तर वाचायला मिळते.

‘शोला जो भडके’ पुन्हा लावाल तेव्हा लता आणि चितळकरांच्या ओळी संपतात त्या जागांकडे कान द्या. गायक श्वास घेतात तेवढ्यात वाद्यं उत्तर देऊन मोकळी होतात, आणि पुढची ओळ अडवत नाहीत. ग्रीन्सच्या नाचघरात रोज रात्री वाजवून ही नेमकी वेळ साधायला हे वादक शिकले होते.