भुजापेटीचे वायुवीजन, टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील

अंतर्ज्वलन एंजिनात सिलिंडरांच्या खाली, भुजादंड ज्या बंदिस्त भागात फिरतो त्याला भुजापेटी (क्रँककेस) म्हणतात. ज्वलनाच्या वेळी दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटून या पेटीत उतरणारे वायू व तेथील तेलाची वाफ बाहेर काढणे, त्यांतील तेल वेगळे करून तळपात्रात परत सोडणे आणि उरलेले वायू जाळण्यासाठी सिलिंडरांत पाठविणे, या व्यवस्थेला भुजापेटीचे वायुवीजन म्हणतात.

दट्ट्याच्या कड्या कितीही काटेकोर बसविल्या, तरी नव्या एंजिनातही थोडी गळती होतेच. गॅरेजच्या बोलीत तिला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. निसटलेल्या वायूंत न जळालेले इंधन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे व पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की सु. एक किग्रॅ. पाणी तयार होते. त्याचा अल्पसा अंश भुजापेटीत उतरला, तरी थंड एंजिनात तो तेलात मिसळून दुधी साय बनतो. आम्ले व इंधन यांमुळे तेल बिघडते, गाळ साचतो. वायूंना वाट मिळाली नाही, तर पेटीतील दाब वाढून तेलरोधक कड्या (सील) जागा सोडतात.

पूर्वी हे वायू एका नळीने गाडीखाली रस्त्यावर सोडून देत. लॉस अँजेल्सच्या धूम्रधुक्याचा अभ्यास होऊ लागल्यावर गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सु. एक-पंचमांश या नळीतूनच येतात, असे दिसून आले. परिणामी १९६०–७० या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात व लवकरच सबंध अमेरिकेत हे वायू पुन्हा एंजिनात ओढून घेणारी बंद पद्धत रूढ झाली. साध्या एंजिनात हे काम सोपे असते. थ्रॉटल झडप जवळजवळ मिटलेली असताना अंतर्ग्रहण नळीतील दाब वातावरणापेक्षा पाऱ्याच्या सु. ४०० ते ५०० मिमी. इतका कमी असतो. हे ओढ घेणारे निर्वात आणि त्याचे नियमन करणारी स्प्रिंगची एक लहान झडप एवढ्यावर काम भागते.

टर्बोचार्जर (निष्कास वायूंच्या टरबाइनाने चालणारा हवा-संपीडक) बसविला की हा हिशेब उलटतो. चढावर किंवा वेग घेताना अंतर्ग्रहण नळीत निर्वाताऐवजी वातावरणाहून अधिक दाब असतो, आणि सिलिंडरातील दाब वाढल्यामुळे कड्यांजवळची गळतीही नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणजे ओढीची गरज सर्वाधिक असते त्या क्षणी ओढ नाहीशी होते. झडप उलट दिशेने घट्ट मिटली नाही, तर संपीडित हवाच भुजापेटीत शिरते. म्हणून अशा एंजिनात दोन वाटा ठेवतात. कमी भारावर वायू अंतर्ग्रहण नळीत जातात. भार वाढताच एकदिश झडप ती वाट बंद करते आणि वायू दुसऱ्या नळीने हवागाळणी व संपीडक यांच्या दरम्यान सोडले जातात. तेथील दाब वातावरणापेक्षा थोडाच कमी असल्याने ही नळी रुंद व मोकळी असावी लागते.

दुसऱ्या वाटेने तेल संपीडकातून जाते, ही तिची अडचण. २७° से. तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत संपीडित करताना, संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, ती सु. १२०° से. पर्यंत तापते. अशा उष्णतेत तेलाचा थर हळूहळू घट्ट होतो. आंतरशीतकाच्या (इंटरकूलरच्या) नळ्यांत तो बसला की थंडावा कमी मिळतो. सिलिंडरात गेलेल्या तेलाने मिश्रणाची खटखट-रोधक क्षमता घटते. इंधन थेट सिलिंडरात फवारणाऱ्या एंजिनांत अंतर्ग्रहण झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत व त्यांवर काजळीची पुटे चढतात. अशाच लहान एंजिनांत कमी वेगाला, जास्त भारावर, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते. तेलाचे थेंब हे त्याचे एक कारण मानतात. तेलातील कॅल्शियमयुक्त घटकांशी याचा संबंध आढळल्यामुळे २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस हा तेलाचा वेगळा दर्जा ठरविण्यात आला.

तेल वेगळे करण्यासाठी वायूंना आडव्या पत्र्यांमधून वळणे देतात, चक्रवाती कक्षात फिरवितात किंवा तंतूंच्या गाळणीतून नेतात. मोठे थेंब जडत्वामुळे भिंतीवर आपटून खाली येतात. एक मायक्रोमीटरहून सूक्ष्म थेंब मात्र वायूबरोबर निसटतात. हौशी चालक बाहेरून बसवितात तो तेलसंग्राहक डबा (कॅच कॅन) यास पूरक ठरतो, पण तो वेळेवर रिकामा न केल्यास किंवा त्याच्या नळ्या अरुंद असल्यास उपायच अपाय होतो.

टर्बोचार्जराच्या धारव्यांतील तेल केवळ गुरुत्वाने भुजापेटीत परत येते. पेटीत दाब साचला की हे तेल तुंबते व दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून संपीडकात आणि टरबाइनात उतरते. निष्कास नळीतून निळा धूर येतो. अशा वेळी दोष टर्बोचार्जरावर ठेवून तो महाग भाग बदलला जातो आणि बुजलेली वायुवीजन नळी तशीच राहिल्याने नवाही काही दिवसांत तसाच गळू लागतो. टर्बोचार्जर काढण्यापूर्वी भुजापेटीतील दाब मोजणे हाच शहाणपणाचा क्रम होय.

स्वीडनच्या साब कंपनीच्या ९-३ व ९-५ या गाड्यांच्या १९९९ नंतरच्या काही वर्षांतील एंजिनांचे उदाहरण बोलके आहे. त्यांत तेलाचा गाळ साचून शोषक नळीची जाळी बुजे, तेलाचा दाब पडे व धारवे निकामी होत. कंपनीने वायुवीजनाच्या नळ्या व झडपा यांच्या रचनेत टप्प्याटप्प्याने बदल केले आणि जुन्या गाड्यांसाठी सुधारित संच पुरविले. अतिशीत प्रदेशांत नळीतील पाणी गोठून वाट बंद होण्याचा धोका वेगळाच; तेथे नळी एंजिनाच्या उष्णतेजवळून नेतात किंवा विजेने तापवितात.

भुजापेटीतील वायू वातावरणात सोडण्यास युरोपप्रमाणे भारतातही नियमांनी बंदी आहे. युरोपीय नियमांतील चाचणीत तेलमापक पट्टीच्या भोकातून पेटीतील दाब मोजतात. तो वातावरणापेक्षा अधिक नसावा लागतो. ही मोजणी गाडी उभी असताना आणि ताशी ५० किमी. वेगाला होते. टर्बोचार्जराचा पूर्ण भार या चाचणीच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तेथील वायुवीजनाची परीक्षा निर्मात्याला स्वतःच्या प्रयोगशाळेतच घ्यावी लागते.